पडझड राखणारी

“राहू द्या ते, मास्तर. उपटू नका.”

“अहो मावशी, मूळ आत शिरलं तर भिंत फोडून काढेल हे.”

“फोडू दे की. बाहेरनं फुटलेली दिसली, म्हणजे माझं आत निभतंय.”

शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून काठी लांबवून उभे होते. काठीचं टोक भिंतीच्या भेगेत उगवलेल्या रोपट्याच्या बुडाशी पोचलं होतं. एक हिसडा दिला असता तर काम झालं असतं. त्यांनी काठी मागं घेतली, पण नजर काही मागं घेतली नाही. गणित चुकलेल्या पोराकडे बघावं तसं ते बाईकडे बघत राहिले. बाई म्हणाली, तुमचं घर तुमचं आहे, मास्तर, तुम्हाला हे कळायचं नाही. मग हातातल्या गाडग्यातलं आंबलेलं ताक तिनं पुढच्या भिंतीच्या पायथ्याशी शिंपडलं, जोंधळा पेरावा तसं, सारख्या हातानं. ताकावर शेवाळ झटकन धरतं. हिरवं-काळं शेवाळ चांगलं गुडघाभर वर चढलं होतं. ते बघून तिनं मान हलवली आणि मागच्या बोळानं घरात गेली.

गल्लीत तिला विंचूमावशी म्हणायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून. आणि जिभेला नांगी होती, म्हणूनही. तोंडावर मावशी म्हणायचे, पाठ फिरली की विंचू जोडायचे. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, बरंय, विंचू म्हटलं की लोक जरा लांबून जातात.

तिचं काम काय, तर बंद घरात राहायचं. ऐकायला हे सुखाचं वाटतं. गावात एक दलाल होता. तोंडात साखर आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ज्या घरांचे मालक परगावी गेलेत, वारलेत, किंवा ज्या भावाभावांचं पटत नाही म्हणून घराला कुलूप आहे, अशी घरं तो सांभाळायला घ्यायचा. रिकाम्या घराला माणूस लागतो. माणूस नसला की आधी नळाच्या तोट्या जातात, मग खिडक्यांचे गज, मग दारं, आणि शेवटी म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखं घराचं नुसतं तोंड उघडं उरतं. म्हणून दलाल तिथं एखादं गरीब बिऱ्हाड आणून टाकायचा. भाडं नाही, पगारही नाही. राहा आणि राखा. पण त्यात एक मेख होती. माणूस एका जागी फार दिवस राहिला की त्याला मुळं फुटतात, मग तो कोर्टात जाऊन म्हणतो, घर माझं. तेव्हा मुळं फुटायच्या आत दलाल बिऱ्हाड उचलायचा आणि दुसऱ्या पडक्या घरात नेऊन टाकायचा.

मावशीचा सगळा संसार असा झाला. आधी एका गोदामाच्या माळ्यावर. मग बंद पडलेल्या प्रसूतिगृहात. तिथं भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं होती आणि छताला वटवाघळं. मग बंद सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीमागं. तिथं तिची मुलगी न्हाती-धुती झाली आणि तिथूनच लग्न होऊन गेली. आता ती फारशी येत नाही. सासरी कुणी माहेर कुठं म्हणून विचारलं तर काय सांगू, असं ती एकदा आईला विचारून गेली होती.  

नवरा रंगारी. नुसता चुन्याचे हात मारणारा नव्हे. साध्या फळीवर ओल्या रंगात तुटका कंगवा असा फिरवायचा की फळीला सागवानाच्या रेघा उठायच्या, गाठीसकट. सुतारसुद्धा नख लावून बघायचे. नव्या पडक्या घरात गेलं की मावशी पहिल्या दिवशी घर धुवायला घ्यायची, कोळिष्टकं, लेंड्या, चिखल, सगळं. आणि तो पहिल्या सुटीला दार रंगवायला घ्यायचा. त्याचं म्हणणं, दार रंगवलं की घर आपलं.

आणि झालं असं, की दार रंगवलं की घर जायचं.

हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर लागला. सिनेमागृहात असताना एकदा ती जिन्याखाली फडकं पिळत होती आणि दलाल वर गिऱ्हाइकाला सांगत होता, “माझ्याकडं एक जोडपं आहे. पडक्यात सोडलं की पडकं चाटूनपुसून लख्ख करतात. उंदरांवर मांजर सोडावं तसं सोडतो मी त्यांना.” गिऱ्हाईक हसलं. दलाल पुढं म्हणाला, ते तिकीटखिडकीचं दार बघा, हे बघूनच निम्मा सौदा होतो. महिना उलटायच्या आत तिथं मंगल कार्यालय झालं आणि हे दोघं एका जुन्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर गेले.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं नाही. आठवडाभर लोकांची घरं रंगवून आलेला माणूस सुटीच्या दिवशी स्वतःच्या दारापुढं उकिडवा बसून कंगवा फिरवतो, तेव्हा त्याच्या तोंडावर जे असतं, ते तिला मोडवलं नाही. मग तो परांचीवरून पडला. खुबा मोडला. माणूस खाटेला लागला, आणि मग सांगायचं कारणच उरलं नाही.

गिरणीच्या त्या मजल्यावर मावशीनं फार सोसलं. खाली संडास, खाली नळ. धिप्पाड नवऱ्याला पाठीवर घेऊन जिना उतरायचा आणि चढायचा.  एकदा तो पाठीवरून म्हणाला, तू मला इथंच सोडून दे जिन्यावर, येणारा-जाणारा बघेल. ती म्हणाली, येणारा-जाणारा लाथ मारून जाईल, गप बसा. गिरणी विकली गेली आणि दैवानं एकदाच डोळे उघडले म्हणायचे, दलालानं त्यांना या घरात आणलं. तळमजला. मागं नळ, नळाला लागून संडास. एक पायरी नाही. तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि ठरवलं, आता इथून हलायचं नाही.

हलायचं नाही, तर घर विकलं जायला नको. विकलं जायला नको, तर ते चांगलं दिसायला नको.

ज्या बाईनं आयुष्यभर आधी धुण्याचा दगड धुतला आणि मग धुणं धुतलं, तिनं असं घाण राखायचं व्रत घेतलं. मागची एकच खोली कोरडी आणि स्वच्छ ठेवली. तिच्यावर कौलांच्या आतून प्लास्टिक घातलं, रस्त्यावरून दिसणार नाही असं. पुढच्या खोल्यांना हात लावला नाही. माळ्याची खिडकी कबुतरांसाठी उघडी टाकली. पुढच्या खिडकीची झडप एका बिजागरीवर लोंबत होती. वारं सुटलं की ती तारेनं बांधायची, निघून जाऊ नये म्हणून, आणि वारं पडलं की तार सोडायची, म्हणजे पुन्हा लोंबेल. पुढचं अंगण ती झाडत नव्हती. हात इतके शिवशिवायचे की ती कामावर जाऊन दुप्पट घासायची. कामही कसलं, तर नव्या इमारतींमध्ये फरशीवर पडलेले सिमेंटचे थेंब पात्यानं खरवडायचे. तिथं तिच्या फरशीत तोंड दिसायचं आणि घरी ती पायानं कचरा पुन्हा पुढं सारायची. मास्तरांना वाटायचं, बाई चांगली आहे, पण कुठंतरी एक फळी सरकलेली आहे.

मास्तर एकटे होते. घर त्यांचं आणि परगावच्या भावाचं मिळून. अंगणातलं पाणी जायला म्हणून त्यांनी मावशीला आपली फावडी दिली होती, नवऱ्याला बसता यावं म्हणून पाठीला टेकायची फळी दिली होती, सकाळचा चहा तर रोजचाच. ती कामावर गेली की ते बोळातून आत येऊन रंगाऱ्याशी गप्पा मारत बसायचे. हे तिला माहीत होतं. गप्पांच्या पुढचं माहीत नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी दलाल येऊन गेला होता. पडक्या घराकडे बघून च् च् केलं, मग म्हणाला, परवा सकाळी एक गिऱ्हाईक आणतो, मावशी, जागा आवडलीय त्याला, पण घर अगदीच खाली बसलेलं नसेल तरच घेईन, आधी भाड्यानं लावीन म्हणतो. झालंच तर तुमची सोय आहे, बाजारात तिसऱ्या मजल्यावर जागा रिकामी आहे, हवेशीर आहे. ती म्हणाली, हवा खायला माझा माणूस वर कसा येणार, शेठ. तो म्हणाला, माणूस काय, सवयीनं चढतो.

म्हणून तर ती गाडगं भरून ताक शिंपडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारीच काम संपलं. ती बोळातून आली, तर खाट रिकामी.  नळाकडे नाही, संडासात नाही. पुढच्या अंधाऱ्या खोल्यांतून कबुतरांची घाण तुडवत ती धावली. पुढचं दार सताड उघडं होतं आणि उजेडात, मास्तरांच्या स्टुलाला मांडी टेकवून, एका हातानं चौकट धरून, नवरा उभा होता. उभा. दुसऱ्या हातात कंगवा. शेजारी मास्तर डबा धरून, धोतराला रंग लागलेला.

दाराला सागवानाच्या रेघा उठल्या होत्या. हात पोचला तिथवर. त्याच्या वरचा भाग मास्तरांनी रंगवला होता, तो शाळेच्या फळ्यासारखा सपाट दिसत होता.

मास्तर म्हणाले, रोज भिंत धरून उभे करत होतो त्यांना, तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. भेगेतलं झाडही काढून टाकलंय बघा, आता रागवा हवं तर.  दार रंगवून झालं की नवऱ्याच्या तोंडावर जे यायचं, ते आलं होतं. फक्त या वेळी पाय लटपटत होते.

मावशीनं पहिलं विचारलं ते हे, की रस्त्यावरून कोण कोण गेलं. मग मास्तरांना म्हणाली, तुम्ही घरी जा. ते जरा थांबले. ती पुन्हा म्हणाली, जा मास्तर. ते डबा ठेवून गेले.

तिनं नवऱ्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मांजर सांगितलं, निम्मा सौदा सांगितला, उद्याचं गिऱ्हाईक आणि तिसरा मजला सांगितला. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर पडलं आणि शेवटी जीभ आवरली नाही.

“तुमच्या दारांनीच आपल्याला दारोदार केलं.”

तो दाराकडे बघत राहिला. तिनं आतून रॉकेलची बाटली आणि फडकं आणलं आणि ओला रंग पुसायला लागली. रेघा एकमेकींत मिसळल्या, गाठी गेल्या. ती रडत नव्हती. खरकटं भांडं घासावं तसा जोर लावत होती. दार तपकिरी चिखलासारखं झालं, खालून रंगाचे ओघळ उंबऱ्यावर आले.

“थांब,” तो म्हणाला. “हे आता आंधळ्यालाही कळेल, की कुणीतरी रंगवून पुसलंय.”

तिचा हात थांबला. खरं होतं. मुरलेलं पडकं आणि माखलेलं पडकं यांत फरक असतो. दलालाचा जन्म पडक्यात गेलेला.

तो म्हणाला, दिव्याची काजळी आण. चहाचा चोथा आण, राख आण, आणि थोडी पिठाची खळ शिजव. तिनं आणलं. ऊन होतं तोवर तो स्टुलावर बसून काम करत होता, आणि ती उभी राहून तो म्हणेल ते हातात देत होती. दाराला त्यानं खळीचा हात दिला आणि वरून पातळ राखाडी रंग. वाळताना तो तडकायला लागला, उन्हानं चिरलेल्या तळ्यासारखा. तडकलेल्या पापुद्र्यांच्या कडा त्यानं नखानं उचलून ठेवल्या. खालच्या फळीला काजळी आणि चोथ्यानं अशी ओल चढवली की बोट लावलं तर आत जाईल असं वाटावं. मग ओल्या मातीची बारीक वळी करून चौकटीवरून वर नेली, मध्ये फाटा फोडला, एक फाटा अर्धवट सोडला. वाळवी अशीच चालते, म्हणाला, मध्येच कंटाळते. तेवढंच एक वाक्य तो आपणहून बोलला.

काम फार चांगलं झालं होतं. त्यानं आयुष्यात रंगवलेल्या सगळ्या दारांपेक्षा चांगलं. खाटेवर निजवताना तिनं त्याचे हात रॉकेलनं पुसले, तर त्यानं ते लहान पोरासारखे पुढं करून ठेवले आणि तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी दलाल गिऱ्हाइकाला घेऊन आला. गिऱ्हाइकानं शेवाळ बघितलं, झडप बघितली, दाराजवळ आला आणि दोन पावलं मागं गेला. म्हणाला, दाराची ही गत, तर वाशांची काय असेल. घर पाडायलाच माझा जीव जाईल. रुमाल नाकाला लावून तो गाडीत जाऊन बसला.

मावशी बोळाच्या तोंडाशी उभी होती.  पण दलाल गेला नाही. तो दारापुढं उभा राहिला, मान इकडं केली, तिकडं केली. मग बोट पुढं करून वाळवीच्या वाटेला लावलं. माती बोटाला आली. त्यानं ती चुरगाळली आणि हसला, आवाज न करता.

“मावशी, रंगारी उठून बसला म्हणायचं.”

तिनं नांगी उगारली नाही. उगारून उपयोग नव्हता. नुसती म्हणाली, वर चढवत नाही, शेठ, त्यांना.

दलाल चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. चिडणाऱ्या माणसाकडे किल्ल्या टिकत नाहीत. त्यानं तिला जरा बाजूला घेतलं आणि कुंपणापलीकडे मान हलवली. म्हणाला, हे मास्तरांचं घर. भाऊ विकायला तयार आहे, मास्तर नाही म्हणतात, आणि भावाचं म्हणणं, घर पक्कं आहे, तर भाव चढा पाहिजे, नाहीतर राहू दे मास्तरला. तो पुढच्या आठवड्यात येतोय बघायला. गाडीतून उतरतसुद्धा नाही, गुडघे गेलेत त्याचे. मागच्या गल्लीकडच्या भिंतीला एक भेग हवी, मावशी. पायापासून वळचणीपर्यंत, वरचं ते सांगतील तसं तुम्ही ओढा. पाया खचला की पडते तशी. मास्तर त्या बाजूला फिरकत नाहीत, तिकडं खिडकीच नाही. भाऊ घाबरून आपला वाटा मिळेल त्या किमतीला विकून टाकील. मग एकटे मास्तर किती दिवस ताणतील.

 तो म्हणाला, हे घर तुम्हाला राहू दे. आणि पुढं कधी हलवलंच तर तळमजलाच देईन. जिना चढायला लावणार नाही, शब्द. नाही जमत म्हणालात तरी राग नाही. बाजारातली जागा आहेच.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेव्हा तिला वाटायचं, अशी माणसं दिसायला निराळी असत असतील.

मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. खाट खिडकीला लागूनच होती, आणि दलालाचा आवाज हळू असला तरी भिंतीपार जाणारा होता. ती एकदा खिडकीकडे बघून घेईल, असं दलालाला वाटलं असावं. तिनं तिकडं बघितलं नाही.

“करतील ते,” ती म्हणाली.

दलाल हात जोडून गेला.

ती आत आली. डब्यात भाकरी भरली, पाण्याचा तांब्या खाटेजवळ ठेवला, चादर नीट केली. नवरा छताकडे बघत होता. त्यानं बायकोला विचारलं, कुठली भिंत. ती म्हणाली, मास्तरांची, मागच्या गल्लीकडची.  तिला वाटलं आता तो म्हणेल, मी नाही करणार. तो तसं म्हणाला असता तर तिनं काय केलं असतं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणेल, एवढी आशा मात्र होती.

“तिथं ऊन संध्याकाळी तिरकं येतं,” तो म्हणाला. “भेग खोल दिसेल.”

ती बोळातून बाहेर पडली. मास्तर फाटकाशी उभे होते, कालच्याच रंग लागलेल्या धोतरात. दाराची गत बघूनही त्यांच्या मनात कालचं काही राहिलं नव्हतं. काय म्हणाला दलाल, म्हणून त्यांनी काळजीनं विचारलं. राहा म्हणाला, ती म्हणाली. मास्तरांना खरंच आनंद झाला. बरं झालं, म्हणाले, आता शेजार मोडायला नको. आणि मावशी, रंगाऱ्यांना सांगा, जरा पायात बळ आलं की आमचं हे फाटक त्यांनीच करायचं. सागवान करा म्हणावं.

सांगते, ती म्हणाली.

नव्या इमारतीत पोचायला तिला उशीर झाला होता. बाकीच्या बायकांनी खोल्या वाटून घेतल्या होत्या, तिच्या वाट्याला कोपऱ्यातली मोठी खोली आली. मुकादमानं उशिराचं कारण विचारलं. ती म्हणाली, घरचं काम होतं. पदर खोचून ती खाली बसली, बादलीत पातं बुडवलं आणि भिंतीच्या कडेपासून सिमेंट खरवडायला लागली.